बिनदाराचा भोपळा

त्या राज्यात पाखरं पुष्कळ होती आणि कोनाडे थोडे. राजवाड्याच्या भिंतीत ते ओळीने कोरलेले होते. एकदा कोनाड्यात बसलेल्या पाखराला वारा लागत नसे, ऊन लागत नसे, आणि सकाळ-संध्याकाळ ज्वारीचा ठरलेला वाटा समोर येई. ते गातं की झोपतं हे कुणी बघत नसे. कधीतरी दवंडी पिटली जाई, सगळी पाखरं भिंतीखाली जमत, त्यांची पारख होई आणि मोजकी आत जात. उरलेली पुढच्या दवंडीची वाट बघत बसत. या वाट बघण्यालाच तिथे तयारी म्हणत.

विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची वस्ती होती. सुगरण हे नाव बाईचं, पण विणकाम सगळं नराच्या गळ्यात. गवत ओलं असेतोवर नराने घरटं अर्धं विणायचं, मग मादीने येऊन ते ओढून-ताणून बघायचं, आणि तिला पसंत पडलं तर त्याने ते पुरं करायचं, अशी त्यांची रीत होती. गवत वाळलं की विणणं संपलं. ज्याचं राहिलं त्याने वर्षभर फांदीवर एकट्याने बसायचं.

गोफ्या हा त्या बाभळीवरचा सर्वांत हुशार विणकर. पातं चोचीत धरलं की गाठ आपोआप पडे. शेवंती नावाची एक सुगरण त्याच्या फांदीभोवती घिरट्या घालू लागली होती, आणि गोफ्यालाही ती मनापासून आवडली होती. पण त्याच्या आईच्या डोळ्यांसमोरून एक वादळ हलत नव्हतं. त्या वादळात गोफ्याच्या बापाचं घरटं बापासकट विहिरीत गेलं होतं.

"विणशील रे नंतर," ती म्हणे. "भिंतीचं घर ते भिंतीचं. वाऱ्याने भिंत हलते का कधी?"

त्यात कावळेमामांची भर. "चिंचेवरच्या साळुंकीचा थोरला बसला म्हणे कोनाड्यात. आपले चिरंजीव कधी बसतायत?" मामांना स्वतःचं घरटं धड बांधता येत नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरट्यात त्यांचं फार लक्ष.

त्याच सुमारास झाडाझाडांवर वाळके भोपळे लटकू लागले. आतून पोकळ, पोटाला एक भोक. आत शिरून बसलं की राज्याच्या कुठल्याशा टोकाला राहणाऱ्या हिरवे गुरुजींचा आवाज घुमू लागे. गुरुजी जातीचे पोपट. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांना ऐकून किती जण भिंतीत जाऊन बसले, हे ते स्वतःच सांगत. आईने आपल्या घरट्याचं मऊ अस्तर उसवून दिलं आणि गोफ्यासाठी एक भोपळा मिळवला.

"नमस्कार, पाखरांनो! चला, सुरुवात करूया," आवाज म्हणाला. "सुरुवात झाली की निम्मं काम झालंच म्हणून समजा."

गोफ्याचं ऊर भरून आलं. पहिला पाठ कसं बसावं याचा होता. दुसरा, बसल्यावर हलू नये याचा. त्याने धीर करून विचारलं, "गुरुजी, मधून मधून उडून आलं तर चालेल का?"

"उत्तम प्रश्न! तो पुढच्या पाठात बघू."

त्याच्या प्रश्नाला आजवर कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. गोफ्या दिवसभर खुशीत होता. पुढे एकदा त्याला नुसती शिंक आली, तेव्हाही आवाज म्हणाला, "उत्तम प्रश्न!" ते त्याला जरा खटकलं. पण इतक्या लांबून गुरुजींना शिंक कशी ओळखू येणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

अडचण शेवंतीची होती. भोकातून ती दिसे, आणि ती दिसली की पाठ कुठल्या कुठे जाई. गुरुजींकडे त्यावरही उपाय होता: "दार जितकं लहान, तितकं लक्ष मोठं." चिमण्यांनी, होल्यांनी आपापल्या भोपळ्यांच्या तोंडात काड्याकुड्या कोंबल्या. झुळूक आली की त्या पडत, आणि मंडळी बाहेर उंडारून येत. गोफ्या मात्र सुगरणींच्या कुळातला. त्याने आईकडून ओली पाती मागवली आणि आतून दार विणायला घेतलं. किती दिवसांनी चोचीला काम मिळालं होतं! एकावर एक गाठी पडत गेल्या. दाणा आत सरकवण्यापुरतं भोक तेवढं उरलं.

मग दवंडी आली, की पारख पुढे ढकलली आहे. "निराश व्हायचं नाही," गुरुजी म्हणाले. "आजपासून नवी तुकडी. जुन्यांनीही पहिल्या पाठापासूनच बसावं, पाया पक्का होतो." गोफ्या पुन्हा कसं बसावं ते शिकला. तीच दवंडी पुन्हा आली, तोही पुन्हा शिकला. एका सकाळी त्याने आळस द्यायला पंख उघडले, तर ते दोन्हीकडे भिंतीला टेकले. तेव्हा तो घाबरला. पण आई बाहेरून दाणा सरकवत म्हणाली, "किती रे मन लावून बसतोस!" मग तिला काही सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

बाहेर गवत पिवळं पडत चाललं होतं. बाभळीवरची बहुतेक घरटी पुरी झाली होती, तेव्हा शेवंती आली. रीतीप्रमाणे तिने भोपळ्याच्या तोंडाशी विणलेलं ओढून पाहिलं, ताणून पाहिलं. एक गाठ सैल होईना. असं पक्कं काम त्या झाडावर कुणी केलं नव्हतं.

"गोफ्या, मला पसंत आहे," ती म्हणाली. "पण दार कुठंय?"

गोफ्या गाठींवर तुटून पडला. चोच मारली, ओढलं, कुरतडलं. पण सुगरणीला गाठ मारायला शिकवावं लागत नाही आणि सोडायला त्यांच्यात कुणी शिकतच नाही. नावडतं घरटं ते तसंच टाकून नवं विणतात. बाहेरून शेवंती ओढत होती, तसतशा गाठी आणखी आवळत होत्या.

"दार कुठंय?" तो ओरडला.

"उत्तम प्रश्न!" भोपळा म्हणाला. "तो पुढच्या पाठात बघू."

शेवंती उडून गेली आणि विहिरीच्या काठावर उरलेलं एक ओलं पातं घेऊन परत आली. त्याचं टोक तिने दाण्याच्या भोकातून आत सरकवलं. "हे धर घट्ट. मी बाहेरून ओढते."

आतून गोफ्याने चोच पुढे करून पातं धरलं.

"नमस्कार, पाखरांनो!" आत आवाज घुमला. "चला, सुरुवात करूया."

शेवंतीने ओढायला मान मागे घेतली, तोवर पातं तिच्या चोचीतून निसटून आत गेलं होतं, आणि भोकाच्या कडेला सवयीने पहिली गाठ पडली होती.