मामासाहेबांचा पाइप

चिंचाळगडच्या राजवाड्यातले मासे पुन्हा एकदा पोट वर करून तरंगले, तेव्हा भुजंगराव महाराजांनी ठरवून टाकलं की दोष ठकूचा.

ठकू ही राजवाड्यातल्या हौदावरची कोळीण. महाराजांनी गच्चीवर नवी हौस मांडली होती. खाली हौदात मासे, वर खडीच्या वाफ्यांत पालक. माशांचं पाणी पाइपांतून वर जायचं, पालक त्यातलं खत खायचा आणि गाळलेलं पाणी पाइपांतूनच परत माशांकडे यायचं. माती नको, बैल नको, शेतकरी तर नकोच, म्हणून महाराज भलतेच खूश होते. मासे मरत होते तेवढं सोडलं तर प्रयोग यशस्वी झाला, असं दरबाराने जाहीरही करून टाकलं होतं.

वैद्यबुवा म्हणाले, माशांना नजर लागली. प्रधानजींना वाटलं, पाइपांचा करडा रंग माशांना मानवत नसावा; त्यांनी वरून सोनेरी वर्ख चढवून घेतला. पाइप मुळात कसला, हे मात्र कुणी विचारलं नाही. कारण ते पुरवले होते हैबतरावांनी, आणि हैबतराव म्हणजे राणीसाहेबांचे सख्खे बंधू. सगळा दरबार त्यांना मामासाहेब म्हणायचा.

"तू चारा जास्त घालतेस," महाराज ठकूला म्हणाले.

"चारा तोच आहे, सरकार. माझ्या दारातल्या डोणीत याच जातीचे मासे याच चाऱ्यावर डुंबतायत. पाणी पाइपांतून फिरायला लागलं, तेव्हापासून हे सुरू झालं."

"म्हणजे पाइप वाईट?"

ठकू तोंड उघडणार, तोच पडद्यामागून राणीसाहेब खाकरल्या. चिंचाळगडात ते खाकरणं म्हणजे फर्मानाच्या वरचं.

महाराजांनी लगेच सूर बदलला. "हे बघ, माशांना बाधणार नाही असा पाइप उद्या दुपारपर्यंत निवडून दे. पण आहे तो पाइप कापायचा नाही, जाळायचा नाही, आणि परीक्षेपायी एकही मासा मरता कामा नये. आणि हो, मामासाहेबांना कुणी खोटं म्हटलेलं चालणार नाही. जमलं नाही तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालू लाग."

ठकू तडक मामासाहेबांच्या वखारीवर गेली. "मामासाहेब, पाइप कसला हो हा?"

"अव्वल! तान्ह्या बाळाला चोखायला द्यावा असा."

"पिण्याच्या पाण्यालाही चालेल?"

"अगं, पाण्याचं काय घेऊन बसलीस? अमृत सोड त्यातून!"

वखारीच्या मागे मोठ्या कढईत फुटक्या बादल्या, तुटक्या चपला आणि जुन्या बॅटऱ्यांची खोकी एकत्र वितळत होती. ठकू नाकाला पदर लावून घरी आली. तिथे बोलून उपयोग नव्हता. बोललं की मामासाहेब खोटे ठरणार आणि बिऱ्हाड उचलावं लागणार.

ठकूला पाइपांतलं फारसं कळत नव्हतं. मामासाहेब मात्र चांगले कळत होते. बारसं असो, पंगत असो की घोड्याला नाल ठोकायची असो, पहिलं गंध त्यांना, पहिला नारळ त्यांना. एकदा चुकून पहिला विडा पुरोहितांच्या हातात गेला, तर मामासाहेब आठवडाभर जेवले नव्हते. म्हणजे घरी जेवत होते, पंगतीला येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकू दरबारात आली ती गच्चीवरचा एक लांब पाइप खांद्यावर घेऊन. दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं.

"सरकार, यात कालपासून कैरीचं पन्हं भरून उन्हात ठेवलंय. चांगलं आंबटढाण. पाइप कापला नाही, जाळला नाही, आणि मासा तर जवळपाससुद्धा आला नाही."

"मग आता?"

"आता पहिला पेला मानाचा. मान कुणाचा, ते माझ्यासारखीने काय सांगायचं?"

सगळा दरबार मामासाहेबांकडे वळला. पुरोहितांनी गंध लावलं. शिंग फुंकलं गेलं. ठकूने बूच काढून चांदीचा पेला भरला आणि अदबीने पुढे केला.

मामासाहेब दोन पावलं मागे सरकले. "छे, छे, मी कसा? पहिला मान गादीचा."

पुरोहितांच्या हातातली पळी खाली पडली. मामासाहेबांच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"दादा, घे ना," पडद्यामागून राणीसाहेब म्हणाल्या. "तुझाच मान आहे."

"माझा घसा धरलाय, राणीसाहेब."

"मग मीच घेतो. ऊनही मरणाचं आहे," असं म्हणत महाराजांनी पेला ओठांशी नेला.

"महाराज, नका!" मामासाहेबांनी झेप घेऊन तो उडवला. "त्यात बॅटऱ्यांची खोकी वितळवलीत, शिसं उतरतं त्यातून! हा सांडपाण्याचा पाइप आहे. पिण्याचं पाणी तर आमच्याकडेसुद्धा काळ्या जाड पाइपातून..."

आणि त्यांनी जीभ चावली.

"आणि माझ्या माशांना हा लावलास?" महाराज म्हणाले.

"मासे कुठे तक्रार करतात, महाराज?"

"अरे, पण त्या पाण्यावरचा पालक मी रोज खातोय!"

पडद्यामागून या वेळी कुणी खाकरलं नाही. महाराज ठकूकडे वळले. "मामासाहेबांना खोटं म्हणायचं नाही, असं बजावलं होतं."

"मी कुठे म्हटलं, सरकार? मी मान दिला. त्यांनी तो परत केला."

"बरं. पण पाइप निवडायचा होता, त्याचं काय? कोणता निवडलास? नाव सांग त्याचं."

"नाव मला येत नाही, सरकार," ठकू म्हणाली. "मामासाहेबांच्या स्वयंपाकघरात जातो, तो."

महाराज असे हसले की मुकुट कानावर आला. पडद्यामागूनही हसू फुटलं. त्याच संध्याकाळी मामासाहेबांच्या घरचा काळा पाइप उपटून गच्चीवर बसवला गेला, तळ्याकाठचं पक्कं घर आमराईसकट ठकूच्या नावे झालं, आणि राज्यातला प्रत्येक पाइप पसंत-नापसंत करायचा अधिकारही महाराजांनी तिलाच देऊन टाकला.