लिंपलेला खड्डा

फार जुन्या काळी माळावरच्या एका गावाने आपली सगळी झाडं तोडून चुलीत घातली. पाचट चुलीत भुर्रकन जळून जाई आणि भाकरी कच्चीच राही, म्हणून शहाणी माणसं ते शेतातच पेटवून देत. सरपण संपलं, तशी बिऱ्हाडं उचलून ती दूर निघून गेली.

मागे राहिली एक म्हातारी आणि तिचा थकलेला बैल. "आई, चूल पेटेल तिथे राहायचं," मुलगा म्हणाला होता. पण नवऱ्याची माती इथेच झाली होती, म्हणून ती हलली नाही. दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नसे.

एक दिवस बैलच बोलला, "माय, मी कडबा खातो, पण पचवतं कोण? माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. माझं शेण, पाचट नि पाणी खड्ड्यात कालव. बांबूची नळी बसव, तिला बूच मार आणि वरून पक्कं लिंपून घे. ते जीव पाचट खाऊन जळणारी हवा देतील. फक्त चाळीस दिवस उघडू नकोस. वारा लागला की ते मरतात."

म्हातारीने खड्डा लिंपला. पण घराशी कुणीतरी आहे म्हटल्यावर तिला कुठला धीर! चौथ्याच दिवशी लिंपण फोडून तिने विचारलं, "आहात ना रे लेकरांनो?" आतून नुसती घाण आली. पुन्हा लिंपलं, पुन्हा फोडलं.

"सोबत हवी म्हणून तू त्यांना मारतेस," बैल चिडून म्हणाला. तिला फार लाज वाटली.

तिसऱ्यांदा खड्डा भरला आणि त्याच आठवड्यात बैल मेला. आता शेण मिळणार नव्हतं. हा खड्डा फसला तर तिलाही गाव सोडावं लागणार होतं.

ते दिवस तिने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. खड्ड्याकडे पाठ करून ती बसे. हात शिवशिवत, रडू येई, पण ती उठत नसे.

एकेचाळिसाव्या दिवशी तिने बूच काढून ठिणगी पाडली. निळी ज्योत उभी राहिली. भाकरी टम्म फुगली. तिने आनंदाने बैलाला हाक मारली, आणि मग एकटीच जेवायला बसली.

पेरणीआधी मुलगा तिला न्यायला आला, ती चूल पाहून थांबला, आणि त्याच्यामागे गावही गुरंढोरं घेऊन परतलं. घरोघरी खड्डे लिंपले गेले. एखादी नवी सून लिंपण उकरायला वाकली, की म्हातारी तिचा हात धरून तिला गप्पा मारायला घरात नेई.

तात्पर्य: सोबतीची ओढ आवरून जो दुसऱ्याला त्याचं काम करू देतो, त्यालाच त्या कामाचं फळ मिळतं.