टायरचं तेल आणि काकाची नवी गाडी

दोष माझ्या सख्ख्या काकाचा, आणि त्याच्यापुढे माना डोलावणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्यांचा. भंगार टायर वितळवून काढलेलं तेल काका डिझेलच्या तोडीचं म्हणून खपवायचा. त्याच तेलाने इंदूताई खरमाटेंच्या ट्रॅक्टरचं इंजिन गेलं. त्यांचं पोट ट्रॅक्टरच्या भाड्यावर. त्या जाब विचारायला पारावर आल्या.

"तेल चोख आहे, बाई. तुला ट्रॅक्टर सांभाळता येत नाही," काका म्हणाला. म्हातारे खदखदून हसले.

इंदूताई उरलेल्या तेलाचा कॅन घेऊन थेट काकाच्या नव्या डिझेल गाडीकडे गेल्या.

काकाने धावत जाऊन टाकीचं झाकण दाबून धरलं. "अगं, इंजिन जाईल!"

"कसं जाईल, दादा? तुम्हाला तर गाडी सांभाळता येते ना?"

म्हातारे पुन्हा हसले, या वेळी काकाला. लाज त्यांना दोन्ही वेळा नव्हती.

तेल खोटं असल्याचं काका सगळ्यांदेखत स्वतःच बोलून बसला होता; इंदूताईंच्या इंजिनाचं नुकसान भरून देताना त्याची नवी गाडी विकली गेली.