मंडळात आरमाराची जागा

बंदरावरच्या चाळीस म्हाताऱ्या खलाशांना हलवायचे आणि त्यांच्या छपराखाली म्हाताऱ्या घोड्यांची पागा करायची! जुन्या लढवय्यांच्या मंडळाने हा निवाडा दिला आणि उदयसेन राजाने त्यावर मोहोर उठवली. खलाशांनी चार कोसांवर, गडाच्या पायथ्याशी जाऊन राहायचे होते. त्यांतले निम्मे लंगडे, दोघे आंधळे. समुद्राचा आवाज नसला तर झोप कोणालाच येत नसे.

लाडकू तांडेल तडक गड चढून दरबारात गेला. राजाचे गलबत त्याने तीस वर्षे चालवले होते. आता तोही त्या छपराखालीच राहत होता.

"महाराज, मंडळात माणसं किती?"

"सात. तीन घोडदळाची, तीन पायदळाची, एक तोफखान्याचा."

"आणि आरमाराचा?"

मंडळाचे प्रमुख हैबतराव, घोडदळातले जुने सरदार, मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आरमाराचा कशाला हवा? वारा नेईल तिकडे जाणारी माणसं तुम्ही!"

"वारा समोरून आला तरी आम्ही पुढे जातो, सरदार. तुमचं घोडं दाणा संपला की थांबतं."

दरबार खुसखुसला. हैबतराव लालबुंद झाले. राजालाही ते रुचले नाही. तो हट्टी होता.

"तांडेल, मंडळात आसनं सात. आठवं मांडायचं नाही, ही आमच्या आजोबांची आज्ञा. सभा सुरू झाली की आम्ही टाळी वाजवेपर्यंत कोणी उठत नाही. जो उठला, त्याचं आसन गेलं. एकाला तरी उठवून दाखव आणि त्याच्या जागी बस! पण अंगाला हात लावायचा नाही, शस्त्र दाखवायचं नाही, ऊठ म्हणायचं नाही. कोणी उठलं नाही, तर त्याच दिवशी छप्पर रिकामं!"

"गेल्या सभेत मला विंचू चावला," हैबतराव गरजले. "पण मी हललो नाही!"

"विंचवाचं काय झालं?" तांडेलाने विचारले.

पुन्हा हशा झाला.

"अट कबूल," तांडेल म्हणाला. "मागणं एकच. सभा बंदरावर भरवा. ज्यांचं छप्पर काढताय, त्यांनाही ती बघू द्या. पौर्णिमेला, सकाळी सकाळी."

"एवढंच? दिलं!"

पौर्णिमेच्या सकाळी मंडळ बंदरावर आले. तांडेलाने राजाची बैठक उंच खडकावर मांडली होती. खाली, लांबवर, ओल्या वाळूवर सात आसने होती. वाळू घट्ट, सपाट, धुतल्यासारखी स्वच्छ.

"वा!" हैबतराव म्हणाले. "इतकी झकास जागा, आणि तुम्ही मोकळी ठेवता?"

"दिवसातून दोनदा मोकळी ठेवतो, सरदार."

हैबतरावांनी मान डोलावली आणि बसले. राजाकडे पाठ करायची नाही, म्हणून सातही जण खडकाकडे तोंड करून बसले. समुद्र पाठीमागे राहिला. आसनांच्या शेजारी तांडेलाची होडी त्याच वाळूत कलंडून पडली होती. तांडेल तिच्यात चढला आणि फळीवर बसला.

"वाळूत होडी!" हैबतराव हसले. "वल्हव की रे!"

"घाई नाही, सरदार."

सभा सुरू झाली. प्रत्येकाने आपली लढाई सांगितली. हैबतरावांची लढाई मोठी होती. ती ऐन रंगात आली आणि तोफखान्याचे तात्या चुळबुळले.

"सरदार, बूड ओलं झालं."

"दंव असेल. बसा!"

"दंव खारट लागतंय!"

पाणी मांडीपर्यंत आले. कोणी उठेना. लोड तरंगत निघाले. हैबतराव ओरडले, "जागा सोडायची नाही! शत्रू माघार घेईल!"

"घेईल की," तांडेल म्हणाला. "दुपारनंतर."

पाणी छातीला लागले. मग एक लाट आली, ती सातांच्या डोक्यांवरून गेली. तिने पागोटी नेली आणि मिशा खाली केल्या. तात्या पहिले उठले, मग पायदळ, मग घोडदळ. हैबतराव शेवटी उठले, पण किनाऱ्याला लागले सर्वांच्या आधी! किनाऱ्यावर म्हातारे खलाशी दोर घेऊन तयारच होते. त्यांनी एकेकाला ओढून कोरड्यावर बसवले.

होडी मात्र पाण्यासरशी उचलली गेली होती. तिला पुढूनमागून नांगर टाकलेले, त्यामुळे ती जागची हलली नव्हती. आत तांडेल मांडी घालून बसला होता.

राजाने खडकावरून हाक मारली, "तांडेल! तुला एकाला उठवायला सांगितलं होतं. आता मंडळात राहिलं कोण?"

"बसलाय तो, महाराज! टाळी अजून वाजलेली नाही, सभा चालू आहे. मंडळाचा निवाडा ऐका. छप्पर खलाशांचं! विरोधात एकही माणूस नाही."

राजाला हसू आवरेना. खडकाला टेकून तो पोट धरून हसला आणि हसता हसताच त्याने टाळी वाजवली. हातातले सोन्याचे कडे काढून त्याने तांडेलाकडे धाडले आणि छपराचा निवाडा तिथेच फिरवला.

"सातही आसनं तुझी झाली. काय करणार?"

"सहा परत देतो, महाराज. एकट्याने सल्ला कोणाशी करायचा? घोडदळाची तीन आहेत, त्यातलं एक घेतो."

"कोणाचं?"

हैबतराव मिशी पिळून पाणी काढत होते. ते घाईने म्हणाले, "मी सर्वांत शेवटी उठलो हं, महाराज!"

"खरं आहे," तांडेल म्हणाला. "सरदारांना ठेवा, त्यांच्या लगतचं आसन मला द्या. समुद्राचा निवाडा करताना त्यांना आता शेजारी कोणीतरी लागेल."

राजा पुन्हा हसू लागला, आणि या वेळी हैबतरावही हसले.