पोटांची झडती

हैबतराव इनामदार आधी तुपाचं भांडं पारखत, मग घास घेत. चार पावलं चालले तरी त्यांना धाप लागे. स्वयंपाकीण साळूबाईची पोरं मात्र हरणासारखी उड्या मारत.

"ही माझंच तूप पोरांना चारते!" त्यांनी गावादेखत तिच्या घराची झडती घेतली. निघालं काय? नाचणी, कुळीथ, शेवग्याचा पाला आणि ताक. ताक विकणं पाप मानत, म्हणून इनामदारांकडूनच साऱ्या गावाला फुकट मिळायचं ते.

"तूप लपवलंस कुठं? बोल, नाहीतर गावाबाहेर काढीन!"

साळूबाई शांतपणे म्हणाली, "सरकार, तूप मडक्यात लपेल, अंगावर लपत नाही. घराची झडती झाली, आता पोटांची घ्या. सुरुवात कुणापासून, ते गावाला विचारा."

साऱ्या गावाच्या नजरा इनामदारांच्या पोटाकडे वळल्या. इनामदारांनी उपरणं हळूच पोटावर ओढून घेतलं.