मैदानावरची खुर्ची

पोलीस भरतीत आठशे मीटरच्या धावेला द्वारका चांगली पुढं होती. इतक्यात शेजारून पळणारी पोर भोवळ येऊन कोसळली. द्वारका थांबली, तिला उचलून कडेला बसवलं आणि मग जीव तोडून पळत वेळेत पोचली खरी, पण सगळ्यांत शेवटी.

छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले रणसिंग साहेब कडाडले, "एवढ्यात चोर शीव ओलांडून गेला असता! तू कसली पोलीस होणार?"

द्वारकेनं मान ताठ केली. "साहेब, पुढं चोर नव्हता, उद्याच्या पोलीसच पळत होत्या. पोलिसाची गरज त्या कोसळलेल्या पोरीला होती. खुर्चीवरचं कुणी उठेना, म्हणून मला थांबावं लागलं."

सकाळपासून पहिल्यांदाच साहेब खुर्चीतून उठले आणि पाण्याची बाटली घेऊन त्या पोरीकडं निघाले.