कारवीवरचा ओळखीचा पतंग

रूप पालटून परक्या घरात शिरणाऱ्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. कुणी दुसऱ्याचे कातडे पांघरतो, कुणी आवाज बदलतो, कुणी जोग्याचा वेष घेतो. अशा बहुतेक पाठांत सोंगाचे सामान परका स्वतःच घेऊन येतो. मुलांनो, पुढचा पाठ तेवढ्यापुरता निराळा आहे: यात ते सामान घरच्यांनीच पुरवले. काही सांगणारे यात गांधीलमाशी आणतात. येथे पतंग आहे, आणि शेवटही वेगळा आहे.

एका जंगलात जांभळाच्या ढोलीमध्ये मधमाश्यांचे राज्य वसले होते. त्याच्या दारावर एक पहारेकरीण असे. अंगाच्या वासावरून आपले कोण आणि परके कोण हे ती ओळखी, आणि आजवर तिची एकदाही चूक झाली नव्हती. त्या वर्षी समोरच्या उतारावर सात वर्षांनी कारवी फुलली. साऱ्या जंगलातल्या माश्या तिथे लोटल्या. जितका मध गोळा होई, त्याहून अधिक गप्पा होत. सकाळी पाळी नसली की पहारेकरीणही तिकडे जाई.

"काय गं, दारात उभं राहून पाय नाही दुखत?" एक कामकरी माशी तिला चिडवी.

"दुखतात तर! पण दिवस कलताना दारात मी एकटीच असते, बाई. राणीसाहेबांचा भरवसाच तेवढा माझ्यावर," ती फुशारून सांगे. "सध्या त्या मधल्या पोळ्यावर आहेत. बरं नाही ना त्यांना."

शेजारच्या फांदीवर एक तपकिरी पतंग बसलेला असे. "वा, ताई!" एवढेच तो म्हणे. ढोलीतल्या माश्या उठून गेल्या की ज्या फुलांवर त्या बसल्या होत्या त्यांवर तो लोळे. त्यांच्या पायांचा वास हळूहळू त्याच्या पंखांत मुरला.

आठवड्याने, दिवस कलताना, तो ढोलीच्या दाराशी आला.

"ओळखलंत ना, ताई? पाय कसे आहेत?" त्याच्या अंगाला राज्याचाच वास येत होता. "राणीसाहेबांनी तातडीनं औषध मागवलंय. मधल्या पोळ्यावर जायचंय. उशीर झाला तर बोल तुम्हालाच लागेल हो!"

आत विचारून यावे, असे पहारेकरणीच्या मनात आले. पण ओळखीच्याला दारात ताटकळत ठेवणे तिला बरे वाटेना. ती बाजूला झाली.

तो आत गेला आणि तिच्या ध्यानात आले की, पाय, मधले पोळे, राणीचे आजारपण, हे सारे तिनेच उतारावर सांगितले होते. त्यापलीकडचे काहीच त्याच्याजवळ नव्हते. तिने समोर पाहिले. पळसाच्या फांदीवर तसलेच वीस-पंचवीस पतंग ढोलीकडे तोंड करून बसले होते. आतला रस्ता हेरून हा परतला की ती सारी टोळी शिरणार होती. मग साठवलेला मध, पिल्ले आणि आजारी राणी यांपैकी काहीच उरले नसते.

इतक्यात पाळी बदलायला तिची जोडीदारीण आली. सारे ऐकून ती कुजबुजली, "गप्प बस. कुणी पाहिलंय? एकदा कळलं की तुझा पहारा गेला म्हणून समज."

"गेला तर जाऊ दे. तू दार अडव, कुणालाही बाहेर सोडू नकोस!" पहारेकरीण आत धावली आणि पोळ्यापोळ्यावरून ओरडत सुटली, "परका आत आलाय! मीच सोडलाय त्याला! मधल्या पोळ्याकडे चला!"

राणीपासून तीन घरे अलीकडे शेकडो माश्यांनी पतंगाला गाठले, त्याच्याभोवती गच्च गोळा केला, आणि त्यांच्या अंगाच्या उष्णतेने तो तिथेच गतप्राण झाला. बाहेरची टोळी बराच वेळ वाट पाहून उडून गेली.

राणीने पहारेकरणीला बोलावले. "तुला कधी कळलं?"

"तो आत गेला आणि लगेच, राणीसाहेब."

"आणि तू सांगितलंस कधी?"

"तेव्हाच."

"मग उद्याही दारावर तूच राहा. दुसरी ठेवली तर तीही कधीतरी चुकेल. ती लगेच सांगेलच, हे मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी तीच कामकरी माशी पायांना पराग लावून दाराशी आली. "हो बाजूला. राणीसाहेबांनी मधल्या पोळ्यावर बोलावलंय."

"थांब. आत विचारून येते."

"अगं, मला? रोज कारवीवर माझ्याशेजारी बसतेस, आणि आज ओळख विसरलीस?"

"विसरले नाही. तरी थांब."

कामकरी माशी कुरकुरत दारात थांबली. पहारेकरीण आत गेली, विचारून आली, आणि मग बाजूला झाली.

तात्पर्य : आपल्याविषयी सारे जाणणारा आपलाच असतो असे नाही, समाजमाध्यमांवर आपणच विखुरलेली माहिती वेचून कुणीही ओळखीचा होऊ शकतो. म्हणून राज्याच्या दारावर बसलेल्याने ओळख असली तरी खातरजमा करावी, आणि फसगत झालीच तर ती त्याच क्षणी सांगावी.